धुराड्यापर्यंत पोचण्याआधी: कारखान्याचा धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉयलर, भट्टी, सिमेंटची किल्न, रंगाचा बूथ, कचरा जाळणारी भट्टी. या प्रत्येकातून निघणारी हवा वेगळी असते आणि तिच्यावर करावे लागणारे उपचारही वेगळे असतात. या यंत्रणांबद्दल सामान्य वाचक, विद्यार्थी आणि कारखान्यात नव्याने रुजू झालेले लोक जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

धुरात नेमकं काय असतं?

बहुतेक सगळा नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उरलेला ऑक्सिजन. प्रदूषक म्हणतो तो भाग अगदी थोडा असतो. कोळशाच्या बॉयलरमध्ये सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत काहीशे ते एक-दोन हजार भाग इतकंच निघतं. पण वायूचा ओघ प्रचंड असल्यामुळे या ‘थोड्या’चे दिवसाकाठी कित्येक टन होतात.

प्रदूषकांचे दोन गट पाडले की पुढचं सगळं सोपं होतं. एक गट कणांचा: राख, काजळी, धातूंची धूळ, आम्लाचे तुषार. कणाला वजन असतं, आकार असतो, म्हणून त्याला भिरकावता येतं, अडवता येतं, विद्युतभार देऊन ओढता येतं. दुसरा गट वायूंचा: सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, सॉल्व्हंटच्या वाफा. हे रेणू हवेत पूर्ण मिसळलेले असतात. कापड कितीही बारीक विणलं तरी ते त्यातून निघून जातात. त्यांना पाण्यात विरघळवावं लागतं, कशाशी तरी अभिक्रिया घडवावी लागते, कोळशावर चिकटवावं लागतं किंवा जाळून टाकावं लागतं.

मग सगळं काढणारं एकच यंत्र का नसतं?

प्रत्येक उपचाराचं तापमान वेगळं आहे, हे मुख्य कारण. कोळशावरच्या वीजकेंद्रातला नेहमीचा क्रम पाहा. बॉयलरमधून वायू निघाल्यावर ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला आधी नायट्रोजन ऑक्साइडं मोडणारा उत्प्रेरक, मग एअर प्रीहीटरमध्ये, म्हणजे धुराच्या उष्णतेने भट्टीची हवा तापवणाऱ्या यंत्रात, वायू थंड होऊन साधारण १३० ते १५० अंशांना विजेने राख पकडणारा ईएसपी किंवा कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर, त्यानंतर सल्फर डायऑक्साइड काढणारा चुनखडीच्या पाण्याचा मनोरा, जिथे तापमान ५० अंशांच्या आसपास येतं, आणि शेवटी धुराडं. हा क्रम उलटा केला तर थंड, ओला वायू पुन्हा तापवायला भरमसाट इंधन लागेल.

सायक्लोन कसं काम करतं?

वायू गोल नळकांड्यात कडेने, स्पर्शरेषेत घुसतो आणि भोवऱ्यासारखा फिरत खाली जातो. जड कण बाहेर फेकले जातात, भिंतीला घासत खालच्या शंकूतून हॉपरमध्ये, म्हणजे धूळ साठवणाऱ्या नरसाळ्यात पडतात. हलका झालेला वायू मधल्या नळीतून वर निघतो. आत एकही हलणारा भाग नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. झीज मात्र होते.

१० मायक्रॉनच्या वरच्या कणांना सायक्लोन चांगलं, ५ च्या खाली मात्र त्याची ताकद झपाट्याने घटते. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो.) फुप्फुसात खोलवर जाणारी धूळ तर २.५ मायक्रॉनच्या खालची. म्हणून सायक्लोन ही पहिली पायरी मानावी. धुराड्याआधीचं एकमेव यंत्र म्हणून तेवढंच उभं असेल, तर हॉपर भरतोय म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. छातीत जाणारी धूळ वरून निघून चाललेली असते.

ईएसपी म्हणजे काय? विजेने धूळ कशी पकडतात?

स्थिर विद्युत अवक्षेपक हे पुस्तकी नाव, कामावर सगळे ईएसपी म्हणतात. मोठ्या पेटीत उभ्या पत्र्यांच्या रांगा आणि प्रत्येक दोन रांगांच्या मधोमध तारा किंवा काटेरी पट्ट्या टांगलेल्या. तारांना हजारो, बहुधा ३० ते ७५ हजार व्होल्टचा ऋण एकदिश दाब देतात. पत्रे अर्थिंगला जोडलेले असतात. तारेभोवती करोना, म्हणजे विजेचा मंद चमकणारा विसर्ग, पेटतो, वायूचे रेणू ऋणभारित होतात, ते कणांना चिकटतात आणि भारित झालेले कण पत्र्याकडे ओढले जातात. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटतात आणि राखेचा थर हॉपरमध्ये घसरतो. वायूचा वेग सेकंदाला मीटरभरच ठेवतात, म्हणून ही पेटी इमारतीएवढी दिसते.

हे प्रत्यक्षात चालवून दाखवलं कॅलिफोर्नियातल्या फ्रेडरिक कॉट्रेल या रसायनशास्त्रज्ञाने. सल्फ्युरिक आम्लाचे तुषार पकडण्यासाठी त्याने १९०७ च्या सुमारास ही युक्ती वापरली आणि १९०८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्या पेटंटचं उत्पन्न संशोधनाला मिळावं म्हणून त्याने १९१२ मध्ये रिसर्च कॉर्पोरेशन ही संस्था काढली. शंभराहून जास्त वर्षांनंतरही मूळ रचना तीच आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

अडचण येते ती राखेच्या विद्युत रोधाची. राख वीज अजिबात वाहू देत नसेल, तर पत्र्यावरच्या थरात भार साचत जातो आणि थरातूनच उलटा करोना सुटतो. पकडलेली धूळ पुन्हा वायूत उडते. कमी गंधकाच्या कोळशाची राख नेमकी अशीच असते. म्हणजे गंधक कमी म्हणून हवेला चांगला असलेला कोळसा ईएसपीला जड जातो. यावर उपाय म्हणून वायूत अगदी थोडा सल्फर ट्रायऑक्साइड सोडतात. त्याचा थर राखेवर बसला की रोध उतरतो.

बॅग फिल्टरच्या पिशव्याच धूळ गाळतात ना?

बऱ्याच जणांना असं वाटतं, पण खरं गाळण करतो तो पिशवीवर बसलेला धुळीचा थर. कोऱ्या पिशव्यांमधून सुरुवातीला जास्त धूळ निसटते. म्हणून नव्या पिशव्या चढवल्यावर चुनखडीची पूड किंवा तत्सम भुकटी सोडून आधी एक थर बसवतात, त्याला प्रीकोटिंग म्हणतात. थर जाड होत गेला की वायूला ओढायला जास्त जोर लागतो. मग दाबाच्या हवेचा क्षणभराचा झटका पिशवीत वरून सोडतात, पिशवी फुगते आणि वरचा थर गळून पडतो. हा झटका उगाच वारंवार दिला तर काय होतं? कामाचा थरच निघून जातो, उत्सर्जन वाढतं आणि पिशव्या लवकर फाटतात. टायमरवर डोळे मिटून झटके देत राहण्यापेक्षा पिशव्यांच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक पाहून झटके द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

पिशवीचं कापड तापमान ठरवतं. पॉलिएस्टर साधारण १३० अंशांपर्यंत टिकतं, तेही वायू कोरडा असेल तर. गरम वाफेत त्याचे धागे कुजतात. अरामिड २०० च्या आसपास, काचतंतू आणि टेफ्लॉन २५० ते २६० अंशांपर्यंत. भट्टीतून उडून आलेली एक ठिणगी पिशवीला भोक पाडायला पुरते.

तापमान फार उतरूनही चालत नाही. गंधक असलेल्या धुराचा आम्ल-दवबिंदू बहुधा १२० ते १५० अंशांच्या पट्ट्यात असतो. त्याखाली गेलं की आत सल्फ्युरिक आम्ल घाम फुटल्यासारखं सुटतं, पत्रा खातं आणि पिशव्यांवरच्या धुळीचा चिखल करतं. हा चिखल वाळला की कोणत्याही झटक्याने निघत नाही. सकाळी भट्टी चालू करताना आणि रात्री बंद करताना हे सगळ्यात जास्त घडतं. चालू दिवसाचे आकडे कितीही छान असले तरी पिशव्यांचं आयुष्य या दोन वेळांत ठरतं.

पीठ, लाकडाचा भुसा, साखर, ॲल्युमिनियमची पूड यांसारखी जळाऊ धूळ असेल तर अँटिस्टॅटिक पिशव्या, अर्थिंग आणि स्फोटाचा दाब बाहेर जाऊ देणारी झडपं याबाबत तडजोड नको. बंद पेटी, बारीक धूळ आणि एक ठिणगी एवढ्यावर स्फोट होतो.

९९ टक्के आणि ९९.९ टक्के, फरक तो केवढा?

दहापट. आत येणाऱ्या १००० किलो धुळीपैकी पहिलं यंत्र १० किलो बाहेर सोडतं, दुसरं १ किलो. किती पकडलं यापेक्षा किती सुटलं हे विचारायची सवय लावली, तर पुष्कळ जाहिराती आपोआप उघड्या पडतात. ईएसपीबाबत ढोबळ हिशेब असा: पत्र्यांचं क्षेत्रफळ एवढं असताना ९० टक्के मिळत असतील, तर दुप्पट केल्यावर ९९ आणि तिप्पट केल्यावर ९९.९. शेवटच्या ०.९ टक्क्यासाठी पहिल्या ९० टक्क्यांइतकाच पत्रा लागतो.

आणखी एक गोष्ट. टक्केवारी वजनाची असते. जाड कणच सगळं वजन व्यापतात आणि तेच आधी पकडले जातात. सर्वांत चुकार कण ०.१ ते १ मायक्रॉनमधले असतात. ते इतके लहान की जडत्वाने आदळत नाहीत आणि इतकेही लहान नव्हेत की रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत जाऊन चिकटतील.

पाण्याचा स्क्रबर कधी वापरायचा?

स्क्रबर म्हणजे धूर द्रवाने धुणारं यंत्र. वायू पाण्यात विरघळणारा असेल, धूळ चिकट किंवा ओली असेल, किंवा ठिणग्यांची भीती असेल तेव्हा. हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया यांसारख्या वायूंसाठी पॅकिंग भरलेला मनोरा असतो. वरून द्रव, खालून वायू आणि मध्ये प्लॅस्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या कड्यांमुळे वाढलेला पृष्ठभाग. धुळीसाठी व्हेंचुरी: वायू अरुंद गळ्यातून सेकंदाला ६० ते १२० मीटर वेगाने जातो, पाण्याचे बारीक थेंब होतात आणि धूळ त्यांवर आदळते.

दोन्हींच्या शेवटी थेंब अडवणारा मिस्ट एलिमिनेटर असतो. तो तुंबला की पकडलेलं प्रदूषण थेंबांबरोबर धुराड्यातून बाहेर पडतं आणि आसपासच्या छपरांवर, गाड्यांवर ठिपके दिसू लागतात.

सल्फर डायऑक्साइड चुनखडीने कसा जातो?

चुनखडीची पूड पाण्यात कालवून तिची स्लरी मनोऱ्यात वरून फवारतात. वायू पाण्यात विरघळून आम्ल बनतो, चुनखडी ते शमवते, खालच्या टाकीत हवा फुंकून त्याचं जिप्सम करतात. ९० ते ९८ टक्के वायू निघतो. हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे: १ किलो सल्फर डायऑक्साइडला सुमारे १.५६ किलो चुनखडी लागते, त्यातून २.७ किलो जिप्सम मिळतं आणि जवळपास ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. जिप्सम शुद्ध असेल तर सिमेंटला आणि भिंतीच्या बोर्डांना चालतं.

स्लरीचा सामू (pH) ५ ते ६ च्या दरम्यान ठेवावा लागतो. खाली गेला तर वायू नीट शोषला जात नाही. वर गेला तर चुनखडी न विरघळता तशीच राहते आणि नोझलवर खपल्या धरतात.

ही कल्पना नवी नाही. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात १९३० च्या दशकात धूर थेम्स नदीच्या पाण्याने धुतला जात होता. धुतलेलं पाणी मात्र परत नदीतच जायचं.

नायट्रोजनची ऑक्साइडं इंधनातूनच येतात का?

काही इंधनातल्या नायट्रोजनपासून, पण पुष्कळशी खुद्द हवेतल्या नायट्रोजनपासून. ज्योत साधारण १३०० अंशांच्या वर गेली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जाऊ लागतात. म्हणूनच नैसर्गिक वायू जाळला तरी ही ऑक्साइडं होतात. पहिला उपाय भट्टीतच करावा: हवा टप्प्याटप्प्याने देणारे लो-नॉक्स (नॉक्स म्हणजे हीच ऑक्साइडं) बर्नर ज्योतीचा कडकपणा कमी करतात.

त्यानंतर, तयार झालेल्या ऑक्साइडांचा पुन्हा नायट्रोजन करण्यासाठी, अमोनिया किंवा युरिया. ८५० ते ११०० अंशांच्या पट्ट्यात थेट भट्टीत फवारला तर उत्प्रेरकाशिवाय काम होतं, पण हा पट्टा फार काटेकोर आहे. खाली गेलं तर अमोनिया न वापरता धुराड्यातून निसटतो. वर गेलं तर अमोनियाच जळून नवी नायट्रोजन ऑक्साइडं तयार करतो. टायटॅनियम आणि व्हॅनेडियमच्या ऑक्साइडांचा उत्प्रेरक लावला तर ३०० ते ४०० अंशांना ८०-९० टक्के किंवा त्याहून जास्त काम होतं आणि उरतो तो साधा नायट्रोजन व पाणी. निसटलेला अमोनिया सल्फर ट्रायऑक्साइडशी मिळून एअर प्रीहीटरमध्ये चिकट क्षार बनवतो, म्हणून ‘थोडा जास्त सोडू, चालेल’ ही वृत्ती महागात पडते.

रंग, शाई, सॉल्व्हंटच्या वाफांचं काय?

प्रमाण कमी असेल आणि सॉल्व्हंट परत मिळवायचं असेल तर सक्रिय कार्बन, म्हणजे अतिशय सच्छिद्र केलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. पण तो कधीतरी भरतोच, आणि भरल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. वाफा मुकाट आरपार जाऊ लागतात. शेवटचा कार्बन कधी बदलला, याचं उत्तर नोंदवहीत सापडलं पाहिजे. मिथाइल इथाइल कीटोनसारख्या कीटोन गटातल्या सॉल्व्हंटमुळे कार्बनचा थर आतून तापून पेटू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

ओघ मोठा असेल तर वाफा ८०० अंशांच्या आसपास जाळतात. उष्णता सिरॅमिकच्या थरांत साठवून येणाऱ्या थंड वायूला परत देणाऱ्या यंत्रणेला आरटीओ म्हणतात. तिच्यात ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता परत वापरली जाते, त्यामुळे वाफा पुरेशा असल्या की जवळजवळ वेगळं इंधन लागत नाही. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट जाळलं तर हायड्रोजन क्लोराइड तयार होतो. मागे स्क्रबर हवाच.

डायॉक्सिन आणि पाऱ्याचं काय?

डायॉक्सिन म्हणजे कचरा जाळताना तयार होणारी क्लोरीनयुक्त, फार विषारी संयुगं. वायू थंड होताना साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात डायॉक्सिन पुन्हा बनू शकतात, म्हणून तो पट्टा झटकन ओलांडायचा. पुढे सक्रिय कार्बनची भुकटी वायूत सोडून बॅग फिल्टरमध्ये पकडायची. पाऱ्याची वाफही तिच्यावर बसते.

पांढरा धूर दिसला म्हणजे प्रदूषण?

बहुतेकदा ती वाफ असते. धुराड्याच्या तोंडाशी थोडी मोकळी जागा, मग पांढरा लोट आणि पुढे जाऊन पूर्ण विरलेला, अशी तिची ओळख. लोट विरल्यावरही धूसर रेघ लांबवर टिकून राहिली तर ते कण आहेत. निळसर झाक सल्फ्युरिक आम्लाच्या तुषारांची, तपकिरी झाक नायट्रोजन डायऑक्साइडची. उलट काहीच दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड दोन्ही रंगहीन आहेत.

धुराडं उंच बांधलं तर भागत नाही का?

उंच धुराडं काहीच काढत नाही, लांब पसरवतं. कॅनडातल्या सडबरी इथे १९७२ मध्ये ३८१ मीटरचं धुराडं उभं राहिलं. गावातली हवा सुधारली, पण गंधक वाऱ्याबरोबर दूर गेला. आम्लवर्षेचा प्रश्न देशांच्या सीमा ओलांडून गेला तो अशाच विचाराने.

मोजमापात हवा मिसळून आकडा कमी दाखवता येतो का?

येतो, म्हणूनच ऑक्सिजनची दुरुस्ती असते. समजा धूळ दर घनमीटरला ६० मिलिग्रॅम निघाली, पण वायूत ऑक्सिजन १५ टक्के आहे आणि मानक ६ टक्क्यांवर ठरलंय. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तर (२१ − ६) भागिले (२१ − १५), म्हणजे अडीचपट: खरा आकडा १५० मिलिग्रॅम. ऑक्सिजन न लिहिलेला उत्सर्जन अहवाल अपुरा समजावा.

वीज किती लागते?

वायू ओढणाऱ्या पंख्यावर सगळं अवलंबून. ताशी एक लाख घनमीटर वायू आणि १५० मिलिमीटर पाण्याइतका दाबफरक असलेला बॅग फिल्टर धरला, पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के मानली, तर साधारण ५८ किलोवॉट. तेवढ्याच वायूला १००० मिलिमीटरचा व्हेंचुरी लावला तर ३९० किलोवॉटच्या घरात. बारीक धुळीसाठी व्हेंचुरी मागे पडला तो या बिलामुळे.

ही यंत्रं कार्बन डायऑक्साइडही काढतात का?

नाही. त्यासाठी अमाइन या कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाच्या द्रावणासारखी वेगळी यंत्रणा लागते आणि ते द्रावण पुन्हा मोकळं करायला खूप उष्णता खर्ची पडते.

पकडलेलं प्रदूषण जातं कुठे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. जाळून किंवा अभिक्रियेने खरोखर नाहीसं होणारं थोडंच. बाकीचं हवेतून काढून घन किंवा द्रव रूपात आपल्या हाती येतं. राख सिमेंटमध्ये जाऊ शकते. शिसं, कॅडमियम असलेली भट्टीची धूळ घातक कचरा म्हणूनच हाताळावी लागते. स्क्रबरच्या पाण्यावर प्रक्रिया न करता ते नाल्यात सोडलं, तर एवढा खर्च करून प्रदूषणाचा फक्त पत्ता बदलला.

कारखान्यात गेल्यावर आधी काय पाहावं?

धुराडं शेवटी. आधी धूळ जिथे उठते तिथला हूड, म्हणजे धूळ ओढून घेणारं नळीचं तोंड, पाहा. फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली जात नाही: नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर ओढीचा वेग तोंडावरच्या वेगाच्या जेमतेम ७ टक्के उरतो. हूड दोन वीत लांब सरकवलेला असेल तर मागचं महागडं यंत्र स्वच्छ हवाच गाळत बसतं आणि धूळ कामगारांच्या नाकात जाते.

मग दाबफरकाचा मीटर. काटा शून्यावर असेल तर पिशव्या फाटल्या आहेत, पंखा बंद आहे किंवा मीटरची नळी तुंबली आहे. त्यानंतर वायू यंत्राला वळसा घालून थेट धुराड्यात नेणारी बायपासची झडप नीट बंद आहे का ते पाहा. शेवटी हॉपरपाशी जा आणि खाली धूळ खरंच पडतेय का, ती कोण, कधी, कुठे नेतो, हे तिथल्या ऑपरेटरला विचारा. चालू भट्टीचा हॉपर चार दिवस रिकामा निघत असेल, तर ती धूळ वरून गेली आहे.